कढीपत्त्यावरची अळी

आज जरा हौसेच्या विषयावर बोलू या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटानं परसबागेचं काम घेतलं. भाजीच्या वाफ्याच्या कडेनं झेंडू लावला, सदाफुली लावली, झिनियाचं बी टाकलं. म्हटलं, फुलपाखरं येतील, पोरं खूश होतील. फुलपाखरं आली, पण पाहुण्यासारखी. चहा घेतला की निघाली. आणि त्याच महिन्यात आम्हीच कढीपत्त्यावर औषध फवारत होतो, कारण पानं कुरतडलेली दिसायची. गटातल्या एक वयस्कर काकू पंप बघून म्हणाल्या, "अगं, ज्या अळ्या मारताय, त्यांचीच तर फुलपाखरं होतात. मग येणार कुठनं?"

आम्ही गप्प. शाळेत अंडी, अळी, कोष, फुलपाखरू अशी आकृती काढून मार्क मिळवले होते की! पण ती अळी म्हणजे आपल्या कढीपत्त्यावरची, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तर गोष्ट अशी आहे. फुलावर फुलपाखरू जेवायला येतं. बाळंतपणाला मात्र ते ठरावीक झाडाच्या पानावरच जातं. मादी पानावर बसते, पायानं चाचपून बघते आणि आपल्या लेकरांना चालणारं पान असेल तरच अंडं घालते. दुसऱ्या झाडाचं पान ती अळी खात नाही, उपाशी मरते.

कढीपत्ता, लिंबू आणि बेल ही एकाच कुळातली झाडं. काळ्यावर पिवळट ठिपके असलेलं एक फुलपाखरू यांच्या कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर अंडं घालतं. तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती अगदी पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तिला हळूच काडी लावून बघा, डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही, खाजतही नाही. साधारण दोन आठवडे खाते, मग काडीला स्वतःला कमरेशी धाग्यानं बांधून घेते आणि कोष करते. पुढं आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. थंडीत जास्त दिवस लागतात.

आपल्या महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू ठरवलं ते राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन. काळंभोर, निळ्या पट्ट्यांचं, तळहाताहून मोठं. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातली पानं खाते. सह्याद्रीच्या बाजूच्या बायांनी लिंबावर लक्ष ठेवावं.

बाकी झाडं आपल्या बांधावर आहेतच. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते, तिचं नारिंगी फुलपाखरू होतं. रुईचा चीक अंगात मुरल्यामुळं ते इतकं कडू असतं की पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. टाकळा नि बहाव्यावर पिवळी फुलपाखरं वाढतात. सीताफळ, एरंड, घोळ, यांचेही आपापले गिऱ्हाईक आहेत. कण्हेरही चालते, पण ती गुरांना विषारी, गोठ्याजवळ नको. रुईचा चीकही पोरांच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि भांडी घासायच्या जागेजवळ थोडी माती ओली राहू द्या. त्यातला क्षार शोषायला नर जमतात.

सगळ्याच अळ्या पोसा असं आम्ही म्हणत नाही हं. कपाशीची बोंडअळी, मक्याची लष्करी अळी या पतंगांच्या. केसाळ सुरवंटालाही हात लावू नका, अंगाची आग होते.

आता औषधाचं. डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस काढणी करू नका. शेतात आपण ते पाळतो तरी. परसात मात्र सकाळी फवारतो आणि संध्याकाळी तीच पानं फोडणीत टाकतो! हे आम्हीही केलंय, म्हणून सांगतो. बरं, निंबोळी अर्क मारला तर? माणसाला त्रास कमी, पण अळी त्यानंही मरते.

आमच्या गटात यावरून वाद झाला. एक ताई बाजारात कढीपत्त्याच्या जुड्या विकतात. त्या म्हणाल्या, "पानाला भोक दिसलं की बाई जुडी परत ठेवते. तुमच्या फुलपाखरापायी मी का नुकसान सोसू?" त्यांचं चूक नव्हतं. शेवटी ठरलं असं, की त्यांनी फवारणी थांबवायची आणि अळ्या पानासकट तोडून काकूंच्या जुन्या लिंबावर आणून सोडायच्या. मोठ्या झाडाला पाच-दहा अळ्यांनी काही होत नाही, पुन्हा पालवी येते. हातभर रोपाला मात्र दोन अळ्या बोडकं करतात, तिथून त्या हलवाच. ताईंना रोज अर्धा तास जास्त लागतो, हेही खरं. त्या अजून कुरकुरतात.

काकूंच्या लिंबावर सध्या चार कोष आहेत. बघायला यायचं तर सकाळी लवकर या, फुलपाखरू बहुतेक तेव्हाच बाहेर पडतं. पंख ओले असतात, वाळेपर्यंत हात लावू नका.