पुस्तकाचे यंत्र घरी आणावे का?



सुगी उरकली, चार पैसे गाठीला राहिले, की शहरात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, "दादांसाठी ई-बुक रीडर घेऊ या." मग शिवारफेरीत मला विचारणा होते : साहेब, ही वस्तू आपल्या कामाची आहे का? बियाणे घेताना आपण उगवणशक्ती पाहतो, तशी हिचीही पारख करू.

वहीच्या अर्ध्या पानाएवढी ही वस्तू वजनाला साधारण २०० ग्रॅम भरते. आत शेकडो पुस्तके मावतात. दिसायला मोबाईलसारखी, पण तिची जात वेगळी. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात आणि कुप्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे कण वर आले की अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही, ती लागते पान बदलताना. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र काही आठवडे चालते. ज्या गावात वीज कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे हा मोठाच गुण. भर उन्हात बांधावर बसूनही अक्षर कागदासारखे स्वच्छ दिसते. रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्यांनी मात्र आत दिवा असलेलेच यंत्र घ्यावे. (दिव्यावर किडे येतात, ते तेवढे सोसावे लागते!)

खरा उपयोग घरातल्या वडीलधाऱ्यांना. बारीक टाइप दिसत नाही म्हणून ज्यांची पोथी-पुस्तके फडताळात पडून आहेत, त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आधी डोळे मात्र तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर त्यावर उपाय शस्त्रक्रिया, यंत्र नव्हे. आणखी एक ध्यानात ठेवा. पीडीएफ म्हणून जी पुस्तके मिळतात, त्यांत पानाचा जणू फोटोच असतो. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि म्हातारे माणूस कंटाळते.

आता माझ्या खात्याचा विषय. शेतीच्या पुस्तकांसाठी या यंत्रावर विसंबू नका, असे मी स्पष्ट सांगतो. बहुतेक यंत्रे रंग दाखवत नाहीत. लोह कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत तसाच पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर येतो. करड्या चित्रात पिवळे कुठे आणि हिरवे कुठे? चित्रावरून अंदाज बांधून फवारणी केलीत तर औषध वाया आणि हंगामही हातचा जायचा. रोग-किडीसाठी छापील रंगीत पुस्तक किंवा मोबाईलवरचे रंगीत चित्र बरे. सर्वांत बरे म्हणजे रोगट पान घेऊन थेट आमच्याकडे या.

दुसरी अडचण मालकीची. कागदाचे पुस्तक शेजारी मागून नेतो, भाचीला देता येते. ई-पुस्तक ज्याच्या नावाच्या खात्यावर घेतले, त्याच्याच खात्यावर राहते. २००९ साली अमेरिकेत अॅमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांची विकलेली पुस्तके हक्काच्या वादावरून ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक न विचारता काढून घेतले ते घेतलेच. तेव्हा खाते कोणाच्या नावे आहे आणि परवलीचा शब्द काय, हे घरात दोघांना तरी ठाऊक हवे. मुलगा परगावी आणि शब्द त्याच्याच डोक्यात, असे नको.

किमतीला साधे यंत्रही काही हजारांना पडते. पडदा नाजूक, पोत्याखाली किंवा माणसाखाली सापडला की संपला. दुरुस्ती तालुक्याला होईल असे धरून चालू नका. घरात रोज वाचणारे कोणी असेल तर घ्या. नसेल तर गावच्या वाचनालयाची वर्गणी भरा, तिथल्या पुस्तकांची चित्रे मुलांनाही पाहता येतील.

घ्यायचे ठरलेच तर दुकानात मराठी पुस्तक उघडून दाखवायला सांगा. जोडाक्षरे नीट उमटतात का ते पाहा, आणि ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांना बरोबर न्या.