परदेशी मुक्काम (लेखांक ६) : गेल्याचा पस्तावा होतो का?

मागच्या आठवड्यात आपण परदेशातल्या पगाराचा, कराचा आणि बचतीचा हिशोब मांडला. ते सगळं आकड्यांत बसत होतं. आजचा प्रश्न तसा नाही. सुट्टीवर आलेल्या भाच्याला कुणी ना कुणी मामा किंवा मावशी विचारतेच, "काय रे, गेल्याचा पस्तावा नाही ना होत?" "छे छे!" म्हणून तो पोह्यांच्या बशीकडे वळतो.

या 'छे छे'वर फार विसंबू नये. ज्यांना खरोखर चुकल्यासारखं वाटलं, त्यांतले अनेक जण परत येऊन इथल्या गर्दीत मिसळून गेलेले असतात. तिकडे जाऊन विचारलं तर ते भेटणारच नाहीत. जे राहिले, त्यांनी शिक्षणासाठी कर्ज काढून, आईवडिलांची समजूत घालून, इथल्या भावंडांवर घरचं सगळं सोपवून पाऊल उचललेलं असतं. ते फसलं असं चारचौघांत कबूल करणं सोपं नाही. म्हणून 'होतो की नाही' यापेक्षा पस्तावा कशाचा, केव्हा आणि घरातल्या कोणाला, असं विचारावं. उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण मराठी मध्यमवर्गाचा या बाबतीतला मोठा अनुभव तिथलाच आहे. १९६५च्या कायद्याने आशियातल्या लोकांना दारं उघडली, १९६९मध्ये शिकागोचं महाराष्ट्र मंडळ आणि १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. म्हणजे तिथे आज नुकतेच उतरलेले विद्यार्थीही आहेत आणि नातवंडांचे आजी-आजोबाही.

फरक दिसतो, दिवस दिसत नाही

१९९८मध्ये डॅनिएल कानमन आणि डेव्हिड श्केड यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातले आणि मध्य-पश्चिमेकडच्या थंड राज्यांतले मिळून सुमारे दोन हजार विद्यार्थी त्यात होते. कॅलिफोर्नियातले लोक जास्त समाधानी असणार, असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. दोन जागांची तुलना करताना आपण फक्त फरकाकडे बघतो: हवा, रस्ते, पगार. रोजचा दिवस मात्र साहेब कसा आहे, पाठ दुखते का, घरात बोलणं आहे का, यांवर जातो आणि यातल्या बऱ्याच गोष्टी विमानात आपल्याबरोबरच येतात.

नवख्यांचा पहिल्या हिवाळ्यातला पस्तावा बहुधा याच चुकीची उलटी बाजू असतो. तेव्हा नजरेसमोर फक्त गमावलेलं असतं: दिवाळीचा फराळ, मित्रांचा कट्टा, दार न वाजवता घरात येणारे शेजारी. त्या वेळी कोथरूडच्या चौकातली वाहतूक कोंडी आठवत नाही. पहिल्या वर्षातल्या या भावनेवर परतीचं तिकीट काढू नये.

केल्याचा आणि न केल्याचा

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९५मध्ये मांडलं की, माणसाला नजीकच्या काळात केलेल्या गोष्टींची हळहळ जास्त वाटते आणि दीर्घकाळात न केलेल्या गोष्टींची. यावरून 'संधी मिळाली तर जावंच, न गेल्याची खंत जन्मभर राहील' असा निष्कर्ष निघेल. अर्धा बरोबर आहे. पण स्थलांतर हे 'करणं' असलं तरी त्याच्या पोटात कितीतरी 'न करणं' असतं. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रजा मिळाली नाही, आईच्या शेवटच्या दिवसांत परतताना व्हिसाचा शिक्का मिळेल का अशी भीती वाटली म्हणून विमान पकडलं नाही, मुलांशी मराठीत बोलायचं राहून गेलं. उतारवयात टोचतं ते बहुतेक वेळा हे. 'अमेरिकेत आलो ते चुकलं' असं न म्हणणारा माणूसही 'त्या वर्षी जायला हवं होतं' असं म्हणतो. हा पस्तावा देशाचा नसून न केलेल्या प्रवासांचा आहे आणि त्यातला बराचसा वेळीच टाळता येतो.

उघडं दार

तिसरा प्रकार सर्वांत चिवट. डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. छायाचित्रणाच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना आपल्या दोन उत्तम फोटोंपैकी एकच ठेवायचा होता. काहींना नंतर अदलाबदलीची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती, त्यांनाच आपला फोटो अधिक आवडू लागला. गंमत अशी की, आधी विचारलं तर लोक मुभा असलेलाच पर्याय पसंत करतात. निर्णय पक्का झाला की मन त्याच्याशी जुळवून घेतं. दार उघडं ठेवलं की तेच मन रोज नव्याने वाद घालतं.

अमेरिकेतल्या भारतीयांच्या बाबतीत हे दार कायदाच अर्धवट उघडं ठेवतो. एच-वन-बी व्हिसा साधारण सहा वर्षांचा. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, कुटुंबीय धरून, आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. त्यामुळे रांगेत दशक उलटतं. अर्जाची पहिली पायरी मंजूर झालेल्यांना व्हिसा वाढवून मिळत राहतो, पण नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवी शोधायची. मूल २१ वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. अशा माणसाने घर घ्यावं की नाही? पुण्यातला फ्लॅट विकावा की ठेवावा? मग घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: "अजून दोन वर्षं बघू." ही दोन वर्षं संपत नाहीत.

रत्नागिरी-रायगडमधून आखातात गेलेल्यांचं याच्या उलट आहे. तिथे सहसा नागरिकत्व मिळत नाही, मुक्काम नोकरीला बांधलेला. परत यायचंच आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. म्हणून पैसा गावच्या घरात आणि बहिणीच्या लग्नात जातो. त्यांचं दुःख मोठं आहे, पोरं मोठी होताना न पाहिल्याचं. पण राहावं की परतावं, हा वाद त्यांच्या डोक्यात नसतो.

दुसऱ्या टोकाला नागरिकत्व घेणारे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे परकं पारपत्र घेतलं की आपलं सुटतं. २०२२मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डावर येणं-राहणं सोपं होतं, मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हा तोटा खरा आहे, पण दार लागतं आणि अनेकांची घालमेल तिथेच थांबते.

घरातलं दुसरं मत

पस्तावा घरात सारखा वाटलेला नसतो. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना, इथे त्या डॉक्टर किंवा इंजिनियर असल्या तरी, एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. मे २०१५पासून काहींना ती मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्यावर. 'आम्हाला पस्तावा नाही' या वाक्यातल्या 'आम्ही'त बायकोला धरलंय का, हे तिलाच विचारावं.

तेव्हा निष्कर्ष असा: बहुतेकांना जाण्याचा पस्तावा होत नाही, निर्णय लांबवण्याचा होतो. निघण्याआधी नवराबायकोने एकमेकांना न दाखवता दोन गोष्टी लिहून काढाव्यात: कोणत्या वर्षी कायमचं ठरवायचं आणि काय घडलं तर त्याआधीच परतायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एक तारीख नक्की करावी. आईवडिलांसाठीचा प्रवासखर्च आणि रजा पहिल्या वर्षापासून बाजूला काढावी. जे आधीच तिकडे आहेत, त्यांनीही 'अजून दोन वर्षं' म्हणताना ही कितवी दोन वर्षं, ते मोजावं.

पुढच्या लेखांकात परत आलेल्यांचा हिशोब: मुलांच्या शाळा, कर आणि इथलं बदललेलं घर.