दुकानाचा मोबाइल : यंत्र आपले, आतील माहिती अमानत

शिंप्याच्या दुकानात पूर्वी मापांची एक वही असे. उधारीची दुसरी. दोन्ही वह्या रात्री गल्ल्यात बंद होत आणि किल्ली मालकाच्या खिशात जाई. आज मापे, गिऱ्हाइकांचे नंबर, कपड्यांचे फोटो, उधारी आणि पैसे आल्याचे निरोप हे सर्व मोबाइलमध्ये असते. आणि तो मोबाइल कित्येकदा कारागिराच्या खिशातून त्याच्या घरी जातो. गल्ला रस्त्यावर नेऊन ठेवण्यासारखेच हे आहे. आपले बंधू यंत्र घेताना किमतीची घासाघीस करतात. ते कोणी वापरावे, कसे वापरावे याचा विचार मात्र मागाहून होतो. तो आधी व्हावा म्हणून हा लेख.

म्हसवडचा धडा

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, सांगलीच्या आटपाडीला लागून, म्हसवड हे दुष्काळी भागातील बाजाराचे गाव आहे. येथे 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आरंभी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण अर्ज करणाऱ्या अनेक बायका निरक्षर होत्या आणि सहीच्या जागी त्यांचे अंगठे होते. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, अधिकाऱ्यांपुढे व्याजाची आकडेमोड तोंडी करून दाखविण्याची तयारी दाखविली आणि परवाना मिळविला. पुढे व्यवहार यंत्रावर नेण्याची वेळ आली तेव्हा पिन नंबर देण्याची कल्पना याच बायकांना पटली नाही. पिन कोणीही काढून घेईल, अंगठा चोरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच अंगठा कुलपाची किल्ली झाला.

व्याजाबाबतची आपली भूमिका वाचकांना ठाऊक आहे. येथे घ्यायचा तो यंत्राचा धडा. कुलूप कसले हवे हे ठरविताना वापरणारा कोण आणि धोका कोणाकडून, हे आधी पाहावे.

मोठ्या कंपन्या काय करतात

कंपन्यांत शेकडो मोबाइल आणि टॅबलेट असतात. त्यांवर एका जागेवरून देखरेख ठेवण्याच्या पद्धतीला 'मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट' म्हणतात. ॲपलने 2010 साली आयफोनमध्ये याची सोय केली. अँड्रॉइडमध्ये 2014 नंतर 'वर्क प्रोफाइल' आले. त्यात एकाच मोबाइलमध्ये कामाचा कप्पा आणि घरचा कप्पा वेगळे राहतात. नोकर गेला की कंपनी कामाचा कप्पा दुरून पुसते. घरच्या कप्प्याला हात लागत नाही.

दोन-चार मोबाइलच्या दुकानाला असा खर्च करण्याची गरज नाही. पण यामागील तीन प्रश्न आपलेही आहेत : यंत्र कोणाकडे आहे? आतील माहिती कोणाला उघडता येते? हरवले तर काय करायचे?

आपण काय करावे

पहिली गोष्ट, नोंद. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा असा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. तीच सवय येथे लावावी. *#06# दाबले की मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो, सिमचा नंबर, कोणाकडे दिला, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी. बिल त्याच वहीत चिकटवावे.

दुसरी गोष्ट, सिम आणि गुगल खाते दुकानाचेच असावे. कारागिराच्या खात्यावर मोबाइल चालू केला आणि तो काम सोडून गेला, तर मोबाइल दुरून पुसल्यानंतर यंत्र त्याच्याच खात्याचा पासवर्ड मागते. मग स्वतःच्याच वस्तूसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

तिसरी गोष्ट, कुलूप. मोबाइलमध्ये अंगठ्यामागे पिन असतोच. ज्याला पिन ठाऊक, तो आपलेही बोट नोंदवू शकतो. म्हणून कारागिराचे बोट नोंदवावे, पिन मालकाने स्वतःजवळ ठेवावा. अंगठा चालला नाही किंवा मोबाइल बंद करून चालू केला की पिन लागतो, तेव्हा तो मालकाने स्वतः घालावा. काम सुटले की बोट काढून टाकावे आणि व्हॉट्सॲपमधील 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहावे. जुना जोड तेथे राहिला असेल तर तोडावा.

चौथी गोष्ट, पैसे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. तो मागणारा फसविणारा समजावा. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या फोटोवर माल देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी.

हरवल्यास

आधी दुसऱ्या मोबाइलवरून गुगलच्या 'फाइंड हब'मध्ये दुकानाचे खाते उघडून हरवलेले यंत्र बंद करावे, गरज पडल्यास पुसावे. ही सोय मोबाइल हाती असतानाच चालू करून ठेवावी लागते. बँकेला कळवून यूपीआय थांबवावे. पोलिसांत तक्रार द्यावी, त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे आणि 'संचार साथी'वर आयएमईआय देऊन यंत्र रोखावे; ही सोय 2023 पासून देशभर आहे. पैसे गेले असल्यास ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यात निघून जाते. येथे वहीतील नोंद कामी येते.

दोन्हीकडून अमानत

आमच्या शिंपी बंधूंकडे गावातील आया-बहिणींची मापे आणि फोटो असतात. ते त्यांनी विश्वासाने दिलेले असतात. कपडा देऊन झाला की फोटो पुसावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली केला. आपल्यावर अमानतीचे बंधन त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

हेच बंधन मालकावरही आहे. कारागीर स्वतःचा मोबाइल कामाला वापरत असेल, तर त्यातील त्याच्या घरचे फोटो आणि निरोप चाळण्याचा हक्क आपल्याला नाही. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी धुंडाळणे, ज्याला तजस्सुस म्हणतात, ते कुरआनने मना केले आहे. शक्य असेल तर कामाला दुकानाचाच मोबाइल द्यावा आणि संध्याकाळी तो गल्ल्यात ठेवून घ्यावा. किल्ली पुन्हा मालकाच्या खिशात राहील आणि कारागीर आपल्या घरी मोकळेपणाने जाईल.