गाडी मिसिंग का मारते?

सोलापूरहून तुळजापूरकडे येणारी मोटार सपाटीवर ठीक चालते. पण घाट लागला की झटके खाऊ लागते, पिकअप तुटतो. चालक कशीबशी गाडी वर आणतो आणि पहिल्या दिसेल त्या गॅरेजपुढे उभी करतो. धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर-धुळे व पुणे-हैदराबाद हे दोन मोठे महामार्ग जातात. त्यामुळे तुळजापूर, येडशी, नळदुर्ग, उमरगा येथील कारागिरांना ही तक्रार नवी नाही. परंतु तिचे निदान कसे होते, यावरच गॅरेजची पत ठरते.

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाण आणि सिलिंडरमध्ये पुरेसे कॉम्प्रेशन. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटला पाहिजे. यातला एखादा बार फुकट गेला की इंजिन हादरते. यालाच आपण मिसिंग म्हणतो.

घाटातच हा दोष का दिसतो? चढणीवर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. सपाटीवर निभावून नेणारी कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग तेथे हार मानतो. गॅसवरच्या गाड्यांना तर मुळातच जास्त व्होल्टेज लागते. म्हणून त्यांचे प्लग वेळेवर बदलावेत.

प्लग काढला की तो स्वतःच बोलतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जादा. तेलकट प्लग म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेल्याची शंका. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. तिन्हींवर नुसता नवा प्लग हा इलाज नव्हे.

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत स्कॅनर सिलिंडरचा नंबर सांगतो. ‘पी-०३०२’ म्हणजे दुसरा सिलिंडर. पण कोड जागा दाखवतो, कारण नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावून पाहावी. दोष तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. तेथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. या तपासणीला खर्च नाही, थोडा वेळ लागतो. चालू इंजिनची प्लग वायर उपटून ठिणगी पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात कॉइल जळते आणि माणसालाही धोका असतो.

आता पेट्रोलही बदलले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आपल्या भागातील उसापासूनही इथेनॉल बनते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने पेट्रोलचे प्रमाण काही मर्यादेपर्यंत सावरून घेते. जुनी कार्बोरेटरची गाडी ते करू शकत नाही, आणि मिश्रण पातळ होऊन मिसिंग येऊ शकते. इथेनॉल पाणीही ओढते. म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी आली, तर आधी टाकी व फिल्टर पाहावा.

ग्राहकालाही एक गोष्ट सांगून ठेवावी. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर गाडी पळवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो निकामी होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू असतात. प्लगचे काम टाळल्याने कन्व्हर्टरचा खर्च अंगावर येतो.

अंदाजाने प्लग, कॉइल, पंप असे एकामागून एक बदलत गेले तर आज बिल मोठे होते, पण दोष राहतो आणि ग्राहक पुढच्या गावच्या गॅरेजमध्ये जातो. त्याऐवजी तपासणीची मजुरी उघडपणे सांगून घ्यावी आणि काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. महामार्गावरचा ग्राहक अनोळखी असतो खरा. पण परतीच्या वाटेवर तो कोठे थांबायचे, हे त्याच वेळी ठरवत असतो.