हायवेवर माल शोधायला निघताय? बारामती–इंदापूर–भिगवणची एक फेरी

रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणारा माल उचलायचा आणि शहरात विकायचा, हा धंदा जमतो का, असं बरेच जण विचारतात. जमतो. पण पहिल्या फेरीत बहुतेकांचे पैसे जातात. कसे, ते बघू.

अमेरिकेत 127 नंबरचा एक हायवे आहे. तिथे दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून चार दिवस लोक घरासमोर जुन्या वस्तू मांडून बसतात. मिशिगनपासून अलाबामापर्यंत, सहा राज्यांत मिळून 690 मैल! 1987 मध्ये हे सुरू झालं, कारण मोठे रस्ते झाल्यावर गाड्या जुन्या गावांत शिरेनाशा झाल्या होत्या. गिऱ्हाईक परत गावात आणायचं होतं.

आपल्याकडे जुना माल कोणी अंगणात मांडत नाही. साड्या बोहारणीकडे जातात, पितळ मोडीत जातं. पण रस्त्याकडेचा बाजार आपलाही आहे. बारामतीहून बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूर, तिथून सोलापूर हायवेने भिगवण आणि परत बारामती, ही फेरी सव्वाशे किलोमीटरच्या आत होते. यातला बारामती–इंदापूर हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. आषाढीच्या आधी तिथे रेनकोट, प्लास्टिकचे कागद, चपला, तुळशीच्या माळा विकल्या जातात. एरवी डाळिंब, पेरू, ऊसाचा रस. भिगवणला उजनीच्या पाण्यातले मासे.

आता हिशोब. समजा तुम्ही पुण्याहून गेलात आणि 80 रुपये किलोने 60 किलो डाळिंब घेतलं. झाले 4,800. सोसायटीत 120 ने विकायचं, म्हणजे 7,200. हातात 2,400 नफा, असं वाटतं. पण सहा किलो डागी निघालं, खाली दबलं. विकलं 54 किलो, आले 6,480. पेट्रोल, टोल, जेवण, पिशव्या धरून 2,200 गेले. म्हणजे 520 रुपये तोटा, आणि तुमचा अख्खा दिवस फुकट. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. मांडणी मात्र हीच ठेवा. गाडीखर्च मालावर वाटल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द वापरायचा नाही.

म्हणून पहिली फेरी खरेदीची नाहीच. ती चौकशीची. जास्तीत जास्त पाचशे रुपयांचा नमुना घ्या, पण घ्याच. नुसतं विचारत बसलं की मावशी बोलत नाहीत, आणि सकाळी भवानी व्हायच्या आधी तर अजिबात नाही. आधी किलोभर घ्या, मग विचारा, "मावशी, घरचं आहे का आणलेलं?"

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हायवेवर बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. काही जण मार्केट यार्डातूनच माल आणतात. तो तुम्ही घेतलात तर तुम्ही तिसरा-चौथा हात झालात, तुमच्यासाठी नफा उरलाच कुठे? फळांवर स्टिकर, छापील खोकी, एकाच टपरीवर चार हंगामांची फळं, असं दिसलं की समजून घ्या. घरचा माल असेल तर "कोणत्या बहाराचं?" विचारा. डाळिंबाचा आंबिया बहार आणि मृग बहार वेगवेगळ्या महिन्यांत तोडणीला येतात. ज्याची बाग आहे तो झाडं किती, तोडणी कधी, हे न अडखळता सांगतो. त्याचा फोन नंबर घ्या. खरी कमाई त्या नंबरात आहे, कारण पुढच्या वेळी तुम्हाला जायची गरज नाही. पुण्याकडे येणाऱ्या टेम्पोत चार क्रेट टाकायला सांगायचे.

मासळीचं थोडक्यात सांगतो. भिगवणला कटला, रोहू, चिलापी, मरळ बघून हात शिवशिवतात. पण बर्फ, पेटी आणि ठरलेलं गिऱ्हाईक नसेल तर नवख्याने या वाटेला जाऊ नये. तिथे बघायचं ते वेगळंच. हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी बघायला पर्यटक येतात. ते परतताना काय घेऊन जातात आणि त्यांना काय मिळत नाही, ते टिपून ठेवा.

जुनी पितळी भांडी, कंदील, अडकित्ते मिळाले तर घ्या, शहरात सजावटीसाठी जातात. फक्त विकणारा कोण, कुठला, हे लिहून घ्या आणि पैसे ऑनलाइन द्या. चोरीचा माल निघाला तर निस्तरायला तुम्हीच असता.

आणि ज्यांना उलट, तिथेच टपरी टाकायचीय त्यांच्यासाठी. भाड्याची जागा बघताना आधी विचारा, इथून बायपास निघणार आहे का? रस्ता रुंद होणार आहे का? पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं तेव्हा कडेचं सगळं चित्रच बदललं. ज्या वळणावर गाड्या थांबायच्या, तिथून आता त्या सुसाट जातात. तासभर उभं राहून मोजा: किती गाड्या गेल्या, किती थांबल्या. हे रविवारी एकदा करा आणि मंगळवारी एकदा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि मगच डिपॉझिटचं बोला.