मेंदूचे वॉचमन भडकतात तेव्हा...

पाय मुरगळला की सुजतो, ठणकतो. दुरुस्ती सुरू असल्याची ती खूण. असा दाह मेंदूतही होतो. फक्त तो ठणकत नाही, म्हणून कळत नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. वॉचमनही त्याच आणि सफाई कामगारही त्याच! अल्झायमरमध्ये अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी साचतात आणि त्या साफ करायला या पेशी धावतात. पण कचरा वर्षानुवर्षं साचतच गेला, की त्या कायमच्या भडकतात. मग त्यांनी सोडलेली रसायनं चांगल्या पेशींनाही इजा करू लागतात. २०१२मध्ये ‘ट्रेम-२’ जनुकातल्या एका बदलामुळे अल्झायमरचा धोका वाढतो, असं दिसलं. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं. म्हणजे दाह हा नुसता परिणाम नसून कारणांपैकीही एक असावा, हा संशय बळावला.

मग सूज उतरवायची गोळी घ्यायची? नाही! नेप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकांच्या चाचण्या झाल्या. अल्झायमर टळला नाही.

तुमच्या हातात काय? ‘लॅन्सेट’च्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं आहेत. त्यात डोक्याला मार, कमी ऐकू येणं, धूम्रपान आणि व्यायामाचा अभावही आहे. तेव्हा हेल्मेट घाला, इअरफोनचा आवाज कमी करा आणि कट्ट्यावरची ती सिगारेट राहू द्या. सत्तरीतली आठवण विशीतच जपायची असते.