समुद्रकांठचें वाळवंट

मुंबई आणि आरिका हीं दोन बंदरें विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. मुंबई उत्तरेस, तर चिली देशांतील आरिका दक्षिणेस. दोहोंच्याही पश्चिमेस अथांग समुद्र पसरलेला आहे आणि दोहोंच्याही पाठीशीं पर्वतांची रांग उभी आहे; येथें सह्याद्रि, तेथें अँडीज. एवढीच माहिती हातीं असलेला मनुष्य दोन्ही ठिकाणीं सारखाच पाऊस पडत असेल, असें अनुमान करील. परंतु मुंबईस वर्षाकाठीं ऐंशी इंचांच्या वर पाऊस पडतो, आणि आरिका येथील वर्षाची सरासरी इंचाच्या विसाव्या हिश्श्याइतकीही भरत नाहीं. ऑक्टोबर १९०३ पासून जानेवारी १९१८ पर्यंत, म्हणजे चवदा वर्षांहून अधिक काळ, त्या गांवीं मोजण्याजोगा पाऊस झालाच नाहीं.

समुद्र जवळ असला म्हणजे पाऊस पडतो, हा समज अपुरा आहे. हवेंत बाष्प असणें पुरेसें नाहीं. ती हवा वर चढली पाहिजे. वर चढली म्हणजे ती थंड होते आणि बाष्पाचे थेंब बनतात. अरबी समुद्रावरून येणारी उबदार हवा सह्याद्रीस अडून वर चढते, म्हणून कोंकणांत धारा लागतात. आरिकेसमोरचें पाणी मात्र गार आहे. दक्षिणेकडून येणारे वारे किनाऱ्यालगतचें वरचें पाणी दूर लोटतात, आणि त्याच्या जागीं खोल समुद्रांतील थंड पाणी वर येतें. त्यावरची हवा गार व जड होऊन खालींच पडून राहते. तिच्यावर उष्ण हवेचा थर झांकणासारखा बसलेला असतो. पूर्वेकडून, ॲमेझॉनच्या अरण्यांतून, येणारें बाष्प अँडीज पर्वत अडवितो. अशी सर्व बाजूंनीं कोंडी झाल्यावर पाऊस यावा कोठून?

पेरूची राजधानी लिमा याच किनाऱ्यावर उत्तरेस वसलेली आहे. तेथें जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आकाश ढगांनीं झांकोळलेलें असतें, हवा दमट असते, आणि तरीही खरा पाऊस पडत नाहीं. धुक्यांतून झिरपणाऱ्या तुषारांना तेथील लोक ‘गारुआ’ म्हणतात. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८०२ सालीं या समुद्राचें उष्णमान मोजलें, आणि पुढें त्या थंड प्रवाहास त्याचेंच नांव मिळालें. हा मान त्यास स्वतःस पटला नव्हता. नावाड्यांचीं पोरेंसुद्धां हा प्रवाह तीनशें वर्षें ओळखीत आलीं आहेत, असें त्याचें म्हणणें होतें.

कांहीं वर्षांच्या अंतरानें मात्र हें पाणी तापतें. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उबदार प्रवाहास पेरूच्या कोळ्यांनीं ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असें नांव दिलें. हें बाळ कधीं कधीं अनर्थ करतें. पाण्याबरोबर हवाही तापून वर चढूं लागते, आणि जेथें छपरांना उतार ठेवण्याचेंही कारण पडत नाहीं, तेथें मुसळधार पाऊस कोसळतो. मार्च १९२५ या एका महिन्यांत त्रुहियो शहरीं पंधरा इंचांच्या वर पाऊस झाला. कच्च्या विटांच्या भिंती त्यांत विरघळून गेल्या.

हें संकट पेरूपुरतेंच राहत नाहीं. गिल्बर्ट वॉकर हे गणिती १९०४ पासून १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. १८७७ आणि १८९९ सालीं पावसानें दगा दिल्यामुळें देशांत भीषण दुष्काळ पडले होते. तसें संकट आगाऊ ओळखतां यावें म्हणून वॉकर यांनीं जगभरच्या वेधशाळांतील हवेच्या दाबाचे आंकडे ताडून पाहिले. तेव्हां असें दिसून आलें, कीं तराजूच्या पारड्यांप्रमाणें पॅसिफिक महासागरावरील दाब वाढला म्हणजे हिंदी महासागरावरील दाब उतरतो, आणि तो उतरला म्हणजे हा चढतो. या झोक्याचा आणि पेरूच्या तापलेल्या समुद्राचा संबंध १९६९ सालीं याकोब ब्येर्कनेस यांनीं उलगडून दाखविला. एरवीं वारे पॅसिफिकचें उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटीत असतात. ते मंदावले, कीं तें पाणी पूर्वेस सरकतें. त्याबरोबर हवा वर चढण्याचें ठिकाणही सरकतें, आणि भारताकडील आकाशांत हवा खालीं दबूं लागते.

१९७२ सालीं असेंच घडलें. पेरूच्या समुद्रांतील मासळीचा प्रचंड धंदा कोलमडला, आणि त्याच पावसाळ्यांत महाराष्ट्रांतील शेतें कोरडीं राहिलीं. लाखों माणसें खडी फोडण्याच्या व बांध घालण्याच्या कामावर गेलीं. त्या अनुभवांतूनच पुढें १९७७ सालचा रोजगार हमीचा कायदा आला.

तथापि हा कल आहे, अटळ नियम नव्हे. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असतांही भारतांत पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. म्हणून हवामान खातें मोसमी पावसाचा अंदाज बांधतांना पॅसिफिकच्या पाण्याचें उष्णमान पाहतें, पण केवळ त्यावर भिस्त ठेवीत नाहीं. मराठवाड्यांतील शेतकरी वैशाखांत ज्या ढगांची वाट पाहतो, त्यांचा एक धागा दहा हजार मैलांवरील, पाऊस न पडणाऱ्या त्या किनाऱ्याशीं बांधलेला आहे.